तगरचा बाजार आणि परदेशातली मंडई

नेपल्सच्या पिन्यासेक्का बाजारात आम्ही शिरलो ते प्रवाशाच्या कुतूहलाने. टपांतली मासळी, टोमॅटोंचे ढीग, लाल मिरच्यांचे झुबके, विक्रेत्यांची आरोळी. प्रत्येक दर मनातल्या मनात रुपयांत करून पाहायचा आणि हळहळायचे, हा आपल्याकडील प्रवाशाचा नित्यनेम आम्हीही पाळला. बाजार त्यांचा आणि पाहणारे आम्ही, अशी विभागणी तेव्हा मनात पक्की होती.

दुसऱ्या दिवशी पॉम्पेई पाहिले आणि ही विभागणी डळमळली. तिथल्या चौकाच्या ईशान्य कोपऱ्यात ‘मासेलुम’ म्हणजे खाद्यपदार्थांची मंडई आहे. मधल्या गोल बांधकामाच्या नाल्यात माशांचे खवले सापडले, त्यावरून मासळी तिथेच साफ होत असावी असे मानतात. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात हे नगर गाडले गेले. याच नगरात १९३८ साली एक भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली. ती आता नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तिच्याशी साम्य असणाऱ्या मूर्ती तेर आणि भोकरदन येथे सापडल्याने ती मराठवाड्यातून गेली असावी, असे काही अभ्यासक म्हणतात. मूर्तीवरील खरोष्ठी अक्षरामुळे काहींचा कौल वायव्य भारताकडे आहे. वाद मिटलेला नाही. पण त्यात तेरचे नाव यावे, हेच आम्हांला थांबवणारे होते.

तेर म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातले, तेरणाकाठचे, गोरोबाकाकांचे गाव. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासपुस्तकात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर ‘तगर’ नावाचे मोठे नगर सांगितले आहे. तिथून साधे कापड आणि नाना प्रकारची मलमल गाड्यांत भरून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून भडोचला जाई. शिलाहार राजे पुढे कित्येक शतके ‘तगरपुरवराधीश्वर’ हे बिरुद मिरवत राहिले. तरीही तगर नेमके कुठले, याविषयी विद्वानांत मतभेद होते. दौलताबाद, जुन्नर अशी नावे सुचवली गेली. १९०१ साली फ्लीट यांनी ते तेरच असल्याचे मांडले. १९५८ साली चापेकरांनी तिथे उत्खनन केले. रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवलेल्या वस्तूंतून गावात संग्रहालय उभे राहिले.

हा व्यापार एकतर्फी नव्हता. भडोचला इटलीची मदिरा उतरत असे. तिकडे, दक्षिणेकडून जाणाऱ्या मिऱ्यांवर रोमन जीभ इतकी भाळली होती की प्लिनीने त्यावर कुरकुर केली: या फळात तिखटपणाखेरीज काय आहे, की त्यासाठी हिंदुस्थान गाठावा? काळ्या मिऱ्यांचा दर त्याने रत्तलाला चार दिनार नोंदवला. हिंदुस्थानकडे दरवर्षी पाच कोटी सेस्टर्स जातात, हेही त्याचेच गाऱ्हाणे. परक्या मालाचा दर स्वतःच्या नाण्यात मोजून हळहळण्याची सवय, म्हणजे, आम्हां प्रवाशांचीच नव्हे. गंमत अशी, की तो प्लिनीही व्हेसुव्हियसच्या त्याच उद्रेकात दगावला.

आणखी एक गोष्ट ध्यानात आली. पिन्यासेक्कातले जे टोमॅटो आम्ही ‘खास इटालियन’ म्हणून न्याहाळत होतो, ते पॉम्पेईच्या मासेलुममध्ये कधी विकले गेले नाहीत. आणि जी मिरची आम्ही आपली मानतो, ती तगरच्या कुठल्याही पाट्यावर वाटली गेली नाही. दोन्ही अमेरिकेतून, १४९२ नंतर आल्या. खाण्यातले ‘अस्सल’ पुष्कळदा बाजारानेच आणून दिलेले असते.

पेरिप्लसच्या लेखकाने तगर पाहिले नसावे. तो किनाऱ्याचा माणूस, त्याचे ज्ञान बंदरातले, ऐकीव. म्हणून त्याने मालाची यादी दिली, पण ते कापड विणणाऱ्याविषयी किंवा दहा दिवस बैल हाकणाऱ्याविषयी एक अक्षर लिहिले नाही. आमची प्रवासवर्णने तरी याहून वेगळी कुठे आहेत? नेपल्समध्ये आम्ही दर टिपले, छायाचित्रे घेतली. मासळी कुठल्या धक्क्यावरून आली, हे मात्र एकाही विक्रेत्याला विचारले नाही. तगरच्या वाट्याला जी उपेक्षा आली, तीच आम्ही दुसऱ्यांच्या बाजारात पेरून आलो. पुढच्या वेळी दराआधी हा प्रश्न विचारायचा, एवढे ठरवले आहे.