तळटीप : घटनास्थळावरचा डीएनए
१४. 'घटनास्थळी मिळालेले नमुने' : कोपर्डी (ता. कर्जत) येथील १३ जुलै २०१६ च्या अत्याचार व खून प्रकरणात अहमदनगरच्या सत्र न्यायालयाने नोव्हेंबर २०१७ मध्ये तिघांना फाशी सुनावली. (पीडितेचे नाव कायद्यानुसार येथेही दिलेले नाही.) खटला परिस्थितिजन्य पुराव्यांवर उभा होता. अशा खटल्यांत पुसटसा डागही मोलाचा ठरतो. आता घटनास्थळीच सुमारे दीड तासात डीएनए-आलेख देणारी यंत्रे परदेशांत वापरली जातात. गालाच्या आतून घेतलेल्या बोळ्यावर ती उत्तम चालतात, कारण त्यात पेशी भरपूर असतात. दाराच्या कडीवरच्या स्पर्शात मात्र पेशी मोजक्याच. यंत्राने त्या संपवल्या, तर आरोपीला फेरतपासणी मागण्याची सोयच उरत नाही. म्हणून घाईपेक्षा जपणूक महत्त्वाची, असे आमचे ठाम मत आहे. ओला नमुना वाळवून कागदी पाकिटातच ठेवावा. प्लॅस्टिकमध्ये ओल कोंडते, जंतू वाढतात आणि डीएनए तुटतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) नुसार सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जायचे आहे. अंमलबजावणीसाठी राज्यांना पाच वर्षांची मुभा आहे. डीएनए नमुना ४८ तासांत प्रयोगशाळेत पोहोचवावा, हा सर्वोच्च न्यायालयाचा जुलै २०२५ मधील निर्देश. — संपा.