देवीचे वण

परवा नातीची वेणी घालत होते, तर तिने माझ्या दंडावर बोट ठेवलं. "आजी, हे काय गं?" देवी काढल्या होत्या म्हटलं, तर तिला वाटलं देवळातली देवी!

14 जून 1802 ला मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली. हिंदुस्थानातली ही पहिली यशस्वी लस. इंग्लंडहून ती टिकून येईना, म्हणून बगदाद-बसऱ्याकडून, एका दंडावरून दुसऱ्या दंडावर टोचत आणली. ॲनाच्या फोडातून पुढे आणखी पाच मुलांना दिली. शाळेत हे सांगताना मला ॲनाची आईच आठवायची. पोर पुढे कसं केलं असेल हो तिने?

माझ्या आजीने नाही केलं. टोचणारा गावात आला, की आईला कणगीमागे लपवायची. व्हायचं तेच झालं. आई वाचली, पण तोंडभर वण राहिले. मला मात्र तिने स्वतः कडेवर नेलं.

देशातला शेवटचा रुग्ण मे 1975 मधला, आणि 1980 मध्ये जगातून देवी गेल्याचं जाहीर झालं. माझा धाकटा 1981 चा. त्याला देवी काढल्याच नाहीत. आई त्याला मांडीवर घेऊन दंड चाचपत बसायची.