जंतू एकटा पुरेसा नसतो : डॉ. कमल रणदिवे यांचे संशोधन

१९३६ मध्ये अमेरिकेत जॉन बिटनर यांनी दाखवून दिले, की उंदरांच्या काही वंशांत स्तनाच्या कर्करोगाची प्रवृत्ती आईच्या दुधातून पिलांकडे जाते. दुधातील हा घटक पुढे विषाणू ठरला. मात्र विषाणू शरीरात असूनही प्रत्येक मादीला कर्करोग का होत नाही, हा प्रश्न उरलाच. मुंबईत या प्रश्नाचा पाठपुरावा डॉ. कमल रणदिवे यांनी केला.

पूर्वाश्रमीच्या कमल समर्थ यांचा जन्म पुण्यात ८ नोव्हेंबर १९१७ रोजी झाला. वडील दिनकर समर्थ फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्राचे प्राध्यापक होते. हुजूरपागा, फर्ग्युसन आणि पुण्याचे कृषी महाविद्यालय असा त्यांच्या शिक्षणाचा क्रम. एम.एस्सी.साठी त्यांनी सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या पेशींचा अभ्यास केला. विवाहानंतर त्या मुंबईस आल्या आणि विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये त्यांनी पीएच.डी. मिळवली. पुढे बाल्टिमोरला जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी ऊतिसंवर्धनाचे, म्हणजे जिवंत पेशी शरीराबाहेर वाढवण्याचे तंत्र आत्मसात केले. मायदेशी परतल्यावर भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी या तंत्राची स्वतंत्र प्रयोगशाळा उभी केली.

उंदरांवरील त्यांच्या प्रयोगांचे सार असे, की स्तनाच्या कर्करोगात विषाणू, संप्रेरके आणि आनुवंशिकता यांचा वाटा एकत्रितपणे पाहावा लागतो. विषाणू हा अनेक कारणांपैकी एक.

याच विचाराला मानवी कर्करोगातही पुष्टी मिळाली. १९६४ मध्ये लंडनमध्ये अँथनी एपस्टाइन, इव्हॉन बार आणि बर्ट अचाँग यांना आफ्रिकी मुलांच्या बर्किट लसीकार्बुदाच्या पेशींत हर्पिस कुळातील एक नवा विषाणू आढळला. तोच एपस्टाइन-बार विषाणू. जगातील ९० टक्क्यांहून अधिक प्रौढांच्या शरीरात तो आयुष्यभर सुप्तावस्थेत राहतो, पण कर्करोग फार थोड्यांना होतो. निरोगी माणसात टी-पेशी त्याच्यावर पहारा ठेवतात. वारंवार होणाऱ्या मलेरियाने हा पहारा ढिला पडतो आणि विषाणूचे फावते. आफ्रिकेच्या मलेरियाग्रस्त पट्ट्यातच हा कर्करोग अधिक का आढळतो, याचे उत्तर बऱ्याच अंशी येथे मिळते.

रणदिवे यांच्या कार्याचा दुसरा धागा कुष्ठरोगाचा. येथेही कोडे तेच : संसर्ग अनेकांना होतो, रोग मोजक्यांनाच. १९५८ मध्ये बापट, रणदिवे आणि खानोलकर यांनी कुष्ठरुग्णाच्या गाठीतून मिळवलेला एक दंडाणू प्रयोगशाळेत वाढवल्याचे प्रसिद्ध केले. केंद्राच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला ‘आयसीआरसी बॅसिलस’ हे नाव मिळाले. हा प्रत्यक्ष कुष्ठरोगाचा जंतू असल्याचे मत पुढे टिकले नाही. तो वेगळ्या गटातला निघाला. खरा कुष्ठजंतू आजही कृत्रिम माध्यमात वाढवता आलेला नाही. तथापि या दंडाणूचे काही प्रतिजन कुष्ठजंतूशी जुळणारे होते. मूळ दावा मागे पडला, तरी हे साम्य बहुमोल ठरले.

याच साम्याच्या आधारे डॉ. माधव देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गॅमा किरणांनी निष्प्रभ केलेल्या दंडाणूची लस तयार केली. डॉ. मोहन गुप्ते यांच्या नेतृत्वाखाली तमिळनाडूत सुमारे १,७१,४०० लोकांवर विविध लसींची तुलनात्मक चाचणी झाली. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार या लसीने ६५.५ टक्के संरक्षण दिले. बीसीजीचा आकडा ३४.१ टक्के होता. तोवर बहुऔषधी उपचारांमुळे रुग्णसंख्या झपाट्याने घटली होती आणि कुष्ठरोग नियंत्रणाचा मुख्य भार औषधांवरच राहिला. लसीला सार्वत्रिक स्थान मिळाले नाही.

१९७३ मध्ये भारतीय महिला वैज्ञानिक संघटनेच्या स्थापनेत रणदिवे यांचा पुढाकार होता. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. २००१ मध्ये त्यांचे निधन झाले. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी त्यांच्या कामातून एक गोष्ट अवश्य टिपावी. जंतू सापडला म्हणजे रोग उलगडला, असे होत नाही. तो ज्या शरीरात शिरतो, त्या शरीराची प्रतिकारशक्ती, संप्रेरके आणि वारसा यांचाही तितक्याच काटेकोरपणे अभ्यास करावा लागतो.