तेरणाकाठची जुनी भेग

परंड्याच्या भुईकोटाचा इतिहास आपल्याला बऱ्यापैकी ठाऊक आहे. १६०० साली अहमदनगर मोगलांच्या हाती गेल्यावर मलिक अंबरने निजामशाहीची गादी काही काळ इथे आणली. विजापूरची प्रसिद्ध मुलूख-मैदान तोफ १६३२ पर्यंत याच किल्ल्यात होती. वेढे कोणी घातले, किल्ला कोणाकडून कोणाकडे गेला, हे लिहून ठेवणारे होते. पायाखालची जमीन कधी हलली का, हे लिहिण्याचे काम मात्र कुठल्याही कारकुनाकडे नव्हते. आणि नोंद नाही म्हणजे घटनाही नाही, अशी आपली सोयीची समजूत झाली. मराठवाडा म्हणजे दुष्काळाचा मुलूख. इथे पाऊस दगा देईल, जमीन देणार नाही, असे वडीलधारेही सांगत.

ही समजूत केवळ आपल्या गावकऱ्यांची नव्हती. देशाच्या भूकंपप्रवणतेच्या तेव्हाच्या नकाशावर किल्लारीचा परिसर पहिल्या, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या विभागात दाखवलेला होता. दख्खनचे पठार हा एकसंध, थंड, म्हातारा खडक आहे आणि भूकंप हे हिमालयाचे दुखणे आहे, असे पाठ्यपुस्तकही म्हणत होते. वास्तविक ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपाने या विश्वासाला तडा जायला हवा होता. पण तो धरणाच्या पाण्यामुळे झाला म्हणून त्याला वेगळ्या खात्यात टाकले गेले.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे चार वाजायला काही मिनिटे कमी होती. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी झालेली. गणपती विसर्जनाहून उशिरा परतलेली माणसे नुकती झोपली होती. किल्लारी आणि सास्तूरच्या परिसरात जे घडले ते इथे पुन्हा सांगण्याची गरज नाही. सरकारी नोंदीत मृतांचा आकडा ७,९०० च्या पुढे आहे, इतर नोंदींत तो ९,७०० च्या पुढे जातो. भूकंपाची तीव्रता ६.२ ते ६.४ च्या आसपास. जगात अशा तीव्रतेचे भूकंप दरवर्षी शंभराच्या घरात होतात, आणि बहुतेकांची बातमीही होत नाही.

मग इथेच एवढी माणसे का गेली? एक कारण जमिनीत आहे. या भूकंपाचे केंद्र फार उथळ होते, दहा किलोमीटरच्याही आत. त्यामुळे हादऱ्याचा सारा जोर थोड्या परिसरात उतरला आणि अंतर वाढेल तसा झपाट्याने ओसरला. सरळ रेषेत सुमारे सव्वाशे किलोमीटरवरचे परंडे हलले, पण पडले नाही, ते यामुळे. दुसरे कारण घरात आहे. दोन-अडीच फुटांच्या दगडी भिंती, त्यांत दगडाला दगड नीट बांधलेला नाही, सांध्यात नुसती माती, आणि वर माळवदाचे ओझे. कित्येक घरांत लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिला आणि भिंती आत कोसळल्या. उन्हाळ्यात गारवा देणारी ती जाड भिंतच माणसांवर आली.

भूकंपानंतर किल्लारीजवळच्या शेतांत जमीन उचललेली दिसली. भेगांची एक तुटक रांग होती आणि काही ठिकाणी एक बाजू दुसरीवर चढलेली होती. भारताचा भूखंड उत्तरेकडे सरकतो आहे आणि हिमालयापाशी अडतो आहे; त्या रेट्याने पठाराचा खडकही आवळला जातो. दोन्ही बाजूंनी दाबलेली जाड भाकरी मधेच मोडून एक तुकडा दुसऱ्यावर चढावा, तसा हा प्रकार. भूगर्भशास्त्रात याला उलटा प्रस्तरभंग म्हणतात.

इथून पुढचा वाद मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. हा प्रस्तरभंग नवा होता की जुना? १९९६ साली लिओनार्डो सीबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लेखाच्या शीर्षकातच विचारले, की बेसॉल्टच्या थरांत ही नवी भेग पडली आहे काय? त्याच वर्षी सी. पी. राजेंद्रन आणि कुसला राजेंद्रन यांचे म्हणणे प्रसिद्ध झाले, की ही खालच्या अतिप्राचीन खडकातली जुनी भेग आहे, ती पुन्हा जागी झाली. वाद पंडिती वाटेल. पण भेग नवी असेल तर पुढची कुठे पडेल याला काही धरबंध नाही, आणि जुनी असेल तर तिच्या पूर्वीच्या हालचालींच्या खुणा कुठेतरी सापडल्या पाहिजेत.

त्या शोधण्यासाठी खोदावे लागले. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने किल्लारीत ६१७ मीटर खोल छिद्र घेतले. सुमारे ३३८ मीटरपर्यंत आपला ओळखीचा काळा पाषाण, म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर. त्याखाली जेमतेम आठ मीटर गाळाचा पट्टा, आणि मग त्याहून कितीतरी म्हातारा, ग्रॅनाइटच्या जातीचा खडक. ज्या पाषाणावर आपण किल्ले बांधले आणि विहिरी फोडल्या, तो या ठिकाणी नुसते पांघरूण निघाला. भेगेच्या आजूबाजूला घेतलेल्या उथळ छिद्रांत एकच लाव्हाथर दोन बाजूंना काही मीटर खाली-वर आढळला. १९९३ मध्ये जमीन जेवढी उचलली त्याहून हे अंतर मोठे आहे. एका रात्रीत ते पडणे शक्य नव्हते.

आणि मग तेर. तेरणेच्या काठी, किल्लारीच्या वायव्येला असलेले हे गाव आपल्याला संत गोरा कुंभारांमुळे माहीत. त्याआधी ते तगर होते. रोमशी व्यापार करणारे, ग्रीक दर्यावर्दी वृत्तांतात नाव असलेले शहर. राजेंद्रन यांच्या गटाने तिथे नदीकाठचे थर आणि जुन्या विटांची बांधकामे तपासली. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी इथे मोठा भूकंप होऊन गेला असावा, हा त्यांचा निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाला. पुरावा एका ठिकाणचा आहे, तेव्हा त्यावर फार मोठा इमला बांधू नये हे मान्य. तरीही विचार करा, दीड हजार वर्षे! परंड्याचा किल्ला, त्यातल्या तोफा आणि निजामशाही हे सारे या दोन हादऱ्यांच्या मधल्या शांततेत येऊन जाते. इतक्या लांब विश्रांतीला कोणती बखर पुरणार? शिलालेख, ताम्रपट, दफ्तर यांतून शोधणाऱ्याला हा भूकंप भेटलाच नसता. तो विटांनी आणि गाळाने जपून ठेवला.

मात्र मोठ्या भूकंपाआधीची एक आठवण अगदी ताजी होती. ऑगस्ट १९९२ पासून किल्लारी परिसरात धक्के जाणवत होते, १८ ऑक्टोबर १९९२ चा त्यांतला मोठा. लोक घाबरले होते. पण असे छोटे धक्के पुष्कळदा येतात आणि विरून जातात. कोणते मोठ्याची चाहूल आहेत हे आजही कोणी छातीठोक सांगू शकत नाही. माकणीच्या निम्न तेरणा धरणावरही बोट ठेवले गेले, त्यावर शास्त्रज्ञांत एकमत झाले नाही. २०२४ साली हिंगोली भागात ४.५ तीव्रतेचे धक्के बसले, तेव्हा 'हे कशाची सुरुवात?' हाच प्रश्न मराठवाड्यातल्या घराघरांत विचारला गेला.

२००२ साली नकाशातला पहिला विभाग रद्दच करण्यात आला, आणि किल्लारीचा भाग तिसऱ्यात गेला. पुनर्वसनात बावन्न गावे नव्या जागी वसली. नव्या घरांना जोत्याला, दारा-खिडक्यांच्या वर आणि छताखाली काँक्रीटचे सलग पट्टे देण्याची पद्धत आली, म्हणजे चारी भिंती एकाच दोरीत बांधल्यासारख्या राहतात. जिथे घरे पडली नाहीत, त्या परंड्यासारख्या गावांतल्या दगड-मातीच्या जुन्या भिंतींना मात्र हे पट्टे नंतर कोणी घातले नाहीत. त्या तशाच उभ्या आहेत, आणि काहींच्या माळवदावर आता पाण्याची टाकी आली आहे.