उजनीचं पाणी : हंडा आणि पाट

मंडळी, उन्हाळा आला की सोलापुरात एक भांडण हमखास ऐकू येतं. शेतकरी म्हणतो, शहरानं आमचं पाणी पळवलं. शहरातला म्हणतो, आमच्या नळाला चार-चार दिवस पाणी नाही, सगळं उसाला जातं. आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला, त्यामुळे असं काही ऐकलं की मला मागे जाऊन बघायची सवय आहे.

आपला हिप्परग्याचा तलाव, म्हणजे एकरुख तलाव, इंग्रजांनी १८७१ साली पुरा केला तो शेतीसाठी. पुढे १८७७ साली जुनी गिरणी उभी राहिली, वस्ती वाढली आणि त्याच तलावाचं पाणी शहराला आलं. शंभर वर्षांनी पुन्हा तेच झालं. १९८० साली भीमेवर उजनी धरण पूर्ण झालं, तेही मुख्यतः आपल्या दुष्काळी रानांसाठी. शहर मागून आलं आणि त्याच पंगतीला बसलं.

पण शहर पितं तरी किती? माणशी रोज १३५ लिटर आणि ११ लाख माणसं धरा. वर्षाचा हिशेब दोन टीएमसीच्या आत बसतो. उजनीचा उपयुक्त साठा ५३ टीएमसीहून थोडा जास्त आहे. म्हणजे शहराच्या पिण्यानं शेत वाळतं असं म्हणता येत नाही.

खरी गोम वाटेत आहे. धरणापासून शंभरावर किलोमीटरची जलवाहिनी आहे, पण ती पुरेना म्हणून वर्षानुवर्षं पाणी नदीतून सोडत आले. पंढरपूरवरून वळसे घेत ते औजच्या बंधाऱ्यात पोचेपर्यंत एका खेपेला पाच टीएमसीच्या आसपास पाणी लागायचं. काही उन्हात उडतं, काही वाळूत मुरतं, काही मोटारींनी उपसलं जातं. पाणी पुढे सरकावं म्हणून नदीकाठची वीजही तोडली जाई.

यावर दुसरी, समांतर जलवाहिनी हा उपाय निघाला. तो योग्यच आहे. पण नदीकाठच्या माणसाचं काय? शहराच्या नावानं सुटणाऱ्या त्या पाण्यावर त्याची विहीर भरते, गुरं जगतात. पाणी पाइपात गेलं की त्याचा आधार जाणार. शहरासाठी वाचलेलं पाणी कुणाच्या वाट्याला येणार, हे आधी कागदावर ठरायला हवं. नाहीतर ते वरच्या वर कुणीतरी उचलेल आणि खालचा शेतकरी कोरडाच राहील.

कागदाची ताकद आपण पाहिली आहे. २००३ च्या राज्य जलनीतीत पिण्याच्या पाण्यानंतर उद्योगाचा क्रम होता, शेती तिसरी. ओरड झाली आणि २०११ साली शेती दुसऱ्या क्रमांकावर आली.

आणखी एक गोष्ट. शहर पाणी पिऊन संपवत नाही, त्यातलं बरंचसं सांडपाणी होऊन बाहेर पडतं. पुण्याचं सांडपाणी उजनीत येतं म्हणून आपण नाक मुरडतो, ते रास्तच आहे. मग आपलंही नीट शुद्ध करूनच रानाकडे परत गेलं पाहिजे. शेतकऱ्यानंही उसाला पाट सोडून ठिबक धरावं. ज्यानं उसनं घेतलं त्यानं परत करावं, एवढा साधा व्यवहार आहे हा.

तुमच्या गावाकडे हा हिशेब कसा आहे? जरूर कळवा.