ठिणगीची वेळ आणि वऱ्हाडची मोटार

अमरावती व अकोला यांमधील अंतर साठ मैलांच्या आसपासचें. पावसाळ्यांत काळ्या मातींत बैलगाडीचीं चाकेंही रुतावयाचीं. कापसाच्या या मुलुखांत मोटार आली, ती आपल्याबरोबर एक नवी विद्या घेऊन आली: ठिणगीची वेळ साधण्याची.

वरवर पाहतां गोष्ट क्षुल्लक. सिलिंडरमध्यें दट्ट्या वर येऊन पेट्रोल व हवा यांचें मिश्रण दाबतो, प्लगमधून ठिणगी पडते, मिश्रण पेटतें. पण पेटण्यालाही वेळ लागतो. मिनिटास १,५०० फेरे घेणाऱ्या इंजिनांत दट्ट्या तळापासून माथ्यापर्यंत सेकंदाच्या पन्नासाव्या भागांत येतो. म्हणून तो माथ्यावर पोचण्यापूर्वींच ठिणगी पडली पाहिजे. वेग वाढेल तसतशी अधिक आधीं.

१९०८ ते १९२७ पर्यंत निघालेल्या फोर्डच्या 'टी' मोटारींत हा हिशेब माणसानेंच करावयाचा होता. सुकाणूच्या चाकाखालीं डावीकडे ठिणगीचा दांडा, उजवीकडे पेट्रोलचा. हँडल मारण्यापूर्वीं डावा दांडा वर सारून ठिणगी उशिराची करावी लागे. तें विसरलें कीं स्फोट अवेळीं होई, इंजिन उलट फिरे आणि हँडल मनगट मोडून टाकी. म्हणून जाणत्या ड्रायव्हरचा क्लीनरला पहिला धडा अंगठ्याचा: "अंगठा बोटांच्याच बाजूला ठेव, विळखा घालूं नकोस." १९१२ सालीं केटरिंगचा विजेचा स्टार्टर कॅडिलॅक मोटारीवर आला खरा, पण स्वस्त मोटारींचें हँडल पुढें बरींच वर्षें सुटलें नाहीं.

इंजिन सुरू झाल्यावर परीक्षा कानाची. दांडा हळूहळू खालीं आणावा, आवाज मोकळा झाला कीं थांबावें. चिखलदऱ्यासारखा घाट चढतांना इंजिन दमलें आणि आंत ठोके पडूं लागले, कीं दांडा पुन्हां थोडा वर. (पुस्तकांतून हें येत नाहीं, तें कांहीं अंशीं गाण्यासारखें आहे.) पुढें डिस्ट्रिब्यूटरमधील फिरतीं वजनें हें काम आपोआप करूं लागलीं.

मग युद्ध आलें. १९४१ मध्यें पेट्रोलचें रेशनिंग सुरू झालें आणि मोटारींच्या पाठीशीं कोळशाच्या भट्ट्या बसल्या. या गॅसमध्यें सुमारें निम्मा नायट्रोजन. तो सावकाश जळतो व ताकदही कमी देतो. त्यामुळें टायमिंग बरेंच पुढें घ्यावें लागे. ठिणगी फार आधीं पडूं नये म्हणून ज्यांनीं कान तयार केला, त्यांनाच आतां तो बदलावा लागला. त्यांत पुष्कळदां गाडी थोड्या पेट्रोलवर सुरू करून मग गॅसवर घेत. अशा वेळीं टायमिंग मागें आणावयाचें राहिलें, तर हँडल पुन्हां उलट मारी.