लाओत्सेचा बुद्ध आणि विष्णूचा बुद्ध

बुद्धाला गिळायचा प्रयत्न फक्त भारतात झाला, असं आपल्याकडं समजतात. ते खरं नाही. चीनमध्येही झाला. तिथं त्याला विष्णूचा नववा अवतार केलं नाही, लाओत्सेचा चेला केलं. कधी चेला, कधी खुद्द लाओत्सेच. हा इतिहास नागपूरच्या कार्यकर्त्यानं मुद्दाम वाचला पाहिजे. १४ ऑक्टोबर १९५६ ला याच शहरात बाबासाहेबांनी लाखो माणसांना बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यातली पाचवी नेमकी या चोरीबद्दल आहे. बुद्धाला विष्णूचा अवतार मानायचं नाही, ती लबाडी आहे, असा तिचा अर्थ.

वस्तीतली पोरं कधीकधी विचारतात, या एका प्रतिज्ञेची गरज काय होती? कोणी बुद्धाला अवतार म्हटलं तर मानच दिला ना? काहून चिडायचं? बरोबर प्रश्न आहे. त्याचं उत्तर जरा दूरवरून, चीनमधून आणू.

लाओत्से हा चीनचा जुना विचारवंत. त्याचं चरित्र इसवी सनाच्या आधी सुमारे शंभर वर्षं स्सु-मा च्येन या इतिहासकारानं लिहिलं. त्यात गोष्ट अशी : राज्य सडत चाललेलं पाहून म्हातारा पश्चिमेकडं निघाला. सीमेवरच्या नाकेदारानं अडवलं, म्हणाला, जाण्याआधी काही लिहून द्या. म्हाताऱ्यानं 'ताओ ते चिंग' लिहून दिलं आणि निघून गेला. पुढं त्याचं काय झालं कोणालाच ठाऊक नाही. गोष्ट इथं संपते.

ही जी रिकामी जागा राहिली, तिच्यात पुढं सगळं राजकारण शिरलं.

बुद्धाचा धम्म व्यापाऱ्यांच्या वाटेनं इसवी सनाच्या पहिल्या शतकात चीनला पोचला. इ. स. ६५ च्या एका राजाज्ञेत छू प्रांताचा राजपुत्र लिऊ यिंग लाओत्सेच्या परंपरेला आणि बुद्धाला एकाच वेळी भजतो, अशी नोंद आहे. म्हणजे सुरुवातीपासून दोघं एकाच देव्हाऱ्यात. चिनी माणसाला बुद्ध हा परदेशातला आणखी एक सिद्धपुरुष वाटला. भाषांतर करणाऱ्यांनीही तेच केलं. निर्वाणाला शब्द नव्हता, तर ताओ पंथातला 'वू-वेइ' घेतला, म्हणजे ओढूनताणून काही न करणं. बोधीला 'ताओ' म्हटलं. शब्द उसने घेतले की अर्थही मागून येतो. वाचणाऱ्याला वाटलं, हे तर आपलंच जुनं आहे.

पण ते जुनं नव्हतं. दोन्हींत काय साम्य आणि काय फरक, ते नीट मांडू. दोघांनाही राजदरबाराची हाव आणि कर्मकांडाचा डौल मान्य नाही. दोघंही म्हणतात, तृष्णा कमी करा. इथवर ठीक. पण ताओ म्हणजे सगळ्याचं मूळ, सगळं त्यातून निघतं आणि त्याकडं परत जातं. बुद्ध असं कोणतंही मूळ मानत नाही. एक गोष्ट दुसरीमुळं घडते, ती तिसरीमुळं. याला प्रतीत्यसमुत्पाद म्हणतात. पुढच्या ताओ पंथीयांना देह टिकवायचा होता, जडीबुटी आणि किमया करून अमर व्हायचं होतं. बुद्ध म्हणतो, देह अनित्य आहे, दुःखाचं कारण शोधा आणि ते नाहीसं करा. ताओ सांगतो निसर्गासारखं व्हा. बुद्ध सांगतो, संघ करा, शील पाळा, माणसामाणसातला व्यवहार बदला. दोन्ही वाटा वेगळ्या.

ताओ पंथाला नावं ठेवायची म्हणून हे लिहीत नाही. त्या पंथाच्या पोटात गरिबांचं बंडही होतं. इ. स. १८४ मध्ये डोक्याला पिवळी फडकी बांधून लाखो शेतकरी हान सम्राटाविरुद्ध उठले, ते ताओ पंथाच्याच एका शाखेच्या झेंड्याखाली. ही गोष्ट आपण विसरू नये.

घेणंदेणंही भरपूर झालं. ताओ पंथानं बौद्धांकडून कर्म आणि पुनर्जन्माच्या कल्पना घेतल्या, भिक्खूंसारखे मठ घेतले, त्रिपिटकाच्या नमुन्यावर आपल्या ग्रंथांची तीन भागांत मांडणी केली. बौद्धांच्या छान पंथानं, ज्याला जपानात झेन म्हणतात, ताओची बोलण्याची ढब उचलली. शेजारी शेजाऱ्याकडून घेतोच. घेतलेलं घेतलं म्हणून सांगितलं की भांडण नाही.

भांडण झालं ते दुसऱ्याच गोष्टीवरून. इ. स. १६६ मध्ये श्यांग काय नावाच्या विद्वानानं सम्राटाला अर्ज केला. त्यात एक वाक्य सहज येऊन जातं : काही लोक म्हणतात की लाओत्से पश्चिमेच्या रानटी लोकांत गेला आणि तिथं बुद्ध झाला. पुढं इ. स. ३०० च्या सुमारास वांग फू नावाच्या ताओ पंथीयानं यावर अख्खा ग्रंथ रचला, 'हुआ-हू-चिंग'. रानटी लोकांना वळणावर आणल्याचं सूत्र, असा नावाचा अर्थ. लाओत्से भारतात गेला, तिथले लोक अडाणी आणि क्रूर, खरा ताओ त्यांना झेपणार नाही, म्हणून त्यांच्यासाठी त्यानं हलका धर्म तयार केला. तो म्हणजे बौद्ध धर्म. आता बघा, या एका गोष्टीनं किती कामं झाली. बुद्ध चोरला, बुद्धाचं मोठेपण घेतलं आणि बुद्धाच्या लोकांना खालच्या पायरीवर बसवलं.

ओळखीचं वाटतं ना? विष्णुपुराणात विष्णू मायामोह नावाचा पुरुष निर्माण करतो. तो असुरांना वेद सोडायला लावतो, म्हणजे ते दुबळे होतील आणि देव जिंकतील. इतर पुराणांनी त्या ठिकाणी सरळ बुद्धालाच बसवलं. बुद्ध देव खरा, पण त्याचा उपदेश फसवा, आणि त्याच्यामागं जाणारे असुर! चीन आणि भारत यांच्यामध्ये हिमालय आहे, पण युक्ती एकच. आपल्या महाराष्ट्रात तर दशावताराच्या चित्रांत नवव्या जागी कित्येकदा बुद्धाऐवजी विठोबा उभा असतो. आधी बुद्धाला अवतारांत घेतलं, मग तिथूनही उठवलं.

चिनी बौद्धांनी याला काय उत्तर दिलं? प्रामाणिकपणे सांगायचं तर चांगलं दिलं नाही. त्यांनी उलट खोटं रचलं. लाओत्से हा बुद्धानं चीनला पाठवलेला महाकाश्यप होता, म्हणे. बुद्धाचा जन्म कित्येक शतकं मागं ढकलला, कारण तो लाओत्सेच्या आधीचा ठरला पाहिजे. बनावट सूत्राला बनावट सूत्र. आणि निकाल कोणाकडं? राजाकडं.

राजा कधी इकडं, कधी तिकडं. इ. स. ८४५ मध्ये थांग सम्राट वू-त्सुंगनं ताओ पंथीयांच्या सल्ल्यानं ४,६०० विहार मोडले, २,६०,५०० भिक्खू-भिक्खुणींची चीवरं उतरवली. विहारांकडं करमाफीच्या जमिनी आणि धातूच्या मूर्ती होत्या, राजाची तिजोरी रिकामी होती, हेही कारण. मग पारडं फिरलं. १२५८ मध्ये मंगोल राजपुत्र कुबलाईसमोर वाद झाला, ताओ पंथीय हरले, त्यांच्या १७ जणांची मुंडी करून त्यांना भिक्खू बनवलं, २३७ मंदिरं बौद्धांना दिली. १२८१ मध्ये कुबलाईनं 'ताओ ते चिंग' सोडून ताओ पंथाचे सगळे ग्रंथ जाळायचा हुकूम काढला.

बौद्ध जिंकले. पण हा विजय आपल्याला नको. कोणी म्हणेल, महाडला २५ डिसेंबर १९२७ ला मनुस्मृती जाळली त्याचं काय? फरक आहे. कुबलाईच्या हाती सत्ता होती आणि त्यानं दुसऱ्याचा विचार मुळापासून संपवायला आग लावली. महाडला जाळणाऱ्यांच्या हाती काहीच नव्हतं. जो कायदा त्यांना तळ्याचं पाणी पिऊ देत नव्हता, त्याला त्यांनी उघड नकार दिला.

चीनमध्ये या भांडणातून धडा घेणारा एक माणूस होऊन गेला. तो आपल्या मुलखातही आला होता. ह्युएन त्संग. सुमारे ६४१ मध्ये तो पुलकेशीच्या महाराष्ट्रात फिरला. परत गेल्यावर ६४७ मध्ये सम्राटानं त्याला काम दिलं : कामरूपच्या राजासाठी 'ताओ ते चिंग'चं संस्कृत भाषांतर कर. सोबत ताओ पंथाचे पंडित बसले. ते म्हणाले, 'ताओ'ला 'बोधी' लिही. ह्युएन त्संग म्हणाला, नाही. ताओ म्हणजे रस्ता, 'मार्ग' लिहायचं. त्यानं ग्रंथ जाळला नाही, लाओत्सेला महाकाश्यप केलं नाही. दुसऱ्याचा ग्रंथ दुसऱ्याचा म्हणून इमानानं भाषांतरित केला, फक्त शब्दाची चोरी होऊ दिली नाही. त्याच्याआधी चौथ्या शतकात भिक्खू दाओ-आननंही उसन्या शब्दांनी धम्म बिघडतो असा इशारा दिला होता.

आता पोरांच्या प्रश्नाकडं या. चीनमध्ये पुढं तीन धर्म एकच अशी भाषा रुळली. सामान्य माणूस मर्तिकाला भिक्खू बोलवायचा, भूतबाधेला ताओ पुजारी. तिथंही जमीनदार होते, पिळवणूक होती. पण देव एक केल्यानं कोणी जन्मानं अस्पृश्य ठरत नव्हता. इथं ठरतो. इथं 'सगळं एकच' म्हटलं की बुद्ध देवळात जातो आणि बुद्धाचा माणूस गावकुसाबाहेर राहतो. अवतार मान्य केला की अवताराची व्यवस्था मान्य झाली, वर्ण मान्य झाला. म्हणून पाचवी प्रतिज्ञा. ती कोणाच्या देवाचा अपमान नाही, आपल्या घराचं दार आहे.

हे जुनं झालं असं समजू नका. बोधगयेच्या महाविहाराचा कारभार अजून १९४९ च्या कायद्यानं चालतो आणि त्या समितीत चार बौद्धांच्या बरोबरीनं चार हिंदू बसतात. भदंत सुरई ससाईंनी १९९२ पासून नागपूरच्या लोकांना घेऊन त्यासाठी लढा उभारला. २०२५ मध्ये भिक्खू पुन्हा तिथं उपोषणाला बसले. अवताराची गोष्ट नुसती पुराणात राहत नाही, ती कायद्याच्या कलमात जाऊन बसते.

मग करायचं काय? ताओ वाचा. लाओत्से मोठा माणूस आहे, त्याच्याकडून घ्यायचं ते उघडपणे घ्या. पण आपल्या वस्तीत शब्द तपासा. वंदनेला 'पूजा' म्हणतो का? परिनिर्वाणाला 'मोक्ष' म्हणतो का? भाषणाच्या भरात बाबासाहेबांना 'अवतारी पुरुष' म्हणतो का? म्हणत असू तर हुआ-हू-चिंगची पहिली ओळ आपणच लिहितो आहोत. पुढचा ग्रंथ लिहायला दुसरे तयार बसले आहेत.

चीनमध्ये बुद्ध कोणाचा हे सम्राटांनी ठरवलं. नागपुरात ते गिरणीतल्या, शेतावरच्या, रस्त्यावरच्या माणसांनी स्वतःच्या तोंडानं ठरवलं. राजाचा हुकूम राजाबरोबर जातो. तोंडानं घेतलेली प्रतिज्ञा मात्र रोज पाळावी लागते, ती पाळणं आपल्याकडं आहे.